वावर कोणाच्या खाली टाकायचं? सेंद्रिय कापूस गटाच्या सीआरएममधल्या पॅरेंट-चाइल्ड नात्यांचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-कळंबच्या पट्ट्यात एक संस्था सेंद्रिय कापसाचे गट चालवते, गावं वीसेक, कास्तकार चारशेच्या वर. संस्थेचं नाव इथं देत नाही, कारण विषय संस्थेचा नाहीच, विषय आहे त्यांच्या सीआरएममध्ये, म्हणजे माणसांच्या अन् त्यांच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणती नोंद कोणाच्या खाली टाकली होती आणि त्यापायी काय काय झालं त्याचा. सॉफ्टवेअर सेल्सफोर्स. ना-नफा संस्थांना त्याची १० लायसन्स फुकट मिळतात, म्हणून खेड्यापाड्यातल्या संस्थाही आताशा ते वापरायला लागल्या आहेत. बसवून दिलं होतं शहरातल्या एका एजन्सीनं, मी दुरुस्तीच्या टप्प्यावर आलो. सविस्तर लिहितोय कारण शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या बऱ्याच संस्था अन् शेतकरी कंपन्या नेमकी हीच रचना करतात, गाव, त्याखाली शेतकरी, त्याखाली शेत, आणि ती पहिल्या दोन वर्षांत छान चालते, पुढं फसते.

आधी सेंद्रियचं गणित समजून घ्या, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. भारतात सेंद्रिय प्रमाणन चालतं ते राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली, म्हणजे एनपीओपी, २००१ पासून, बघणारी यंत्रणा अपेडा, म्हणजे केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था. छोट्या कास्तकाराला एकट्यानं सर्टिफिकेट परवडत नाही म्हणून गटाचं सर्टिफिकेट असतं, एका गटात कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त ५०० शेतकरी. जमीन रासायनिकमधून सेंद्रियमध्ये यायला रूपांतरण कालावधी लागतो, हंगामी पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षं, फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांना पहिल्या तोडणीआधी किमान तीन. बीटीचं बियाणं चालत नाही, युरिया-डीएपी चालत नाही. आता नीट बघा, हा कालावधी कोणाचा चालू असतो? कास्तकाराचा नाही, जमिनीचा. उद्या तोच माणूस दुसरं वावर ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेला वाहायला, घेऊन त्यात सेंद्रिय करतो म्हणाला तर त्या वावराचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि त्याचं जुनं वावर दुसऱ्यानं नीट नियम पाळून वाहिलं तर तिथलं घड्याळ थांबत नाही. सगळं प्रकरण या एका गोष्टीवर आहे.

एजन्सीनं रचना केली होती ती अशी. सगळ्यात वर 'गाव'. गावाचं चाइल्ड, म्हणजे त्याच्या खालची नोंद, 'शेतकरी' (आणि गाव त्याचा पॅरेंट), शेतकऱ्याचं चाइल्ड 'शेत', शेताचं चाइल्ड 'पीक-हंगाम'. आणि हे सगळे दुवे मास्टर-डिटेल प्रकारचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सेल्सफोर्समध्ये दोन नोंदी जोडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, लुकअप आणि मास्टर-डिटेल. लुकअप म्हणजे नुसता दुवा, खालची नोंद वरच्या नोंदीशिवायही जगू शकते. मास्टर-डिटेल म्हणजे पक्कं बांधलेलं, खालच्या नोंदीला वरची नोंद लागतेच, खालच्या नोंदीला स्वतःचा मालक म्हणजे ओनर नसतो, ती कोणाला दिसणार हे वरच्या नोंदीवरून ठरतं, आणि वरची नोंद डिलीट केली की खालचं सगळं आपोआप डिलीट. बदल्यात रोल-अप समरी मिळते, म्हणजे खालच्या नोंदींची मोजदाद, बेरीज, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत वरच्या नोंदीवर आपोआप येते, काही प्रोग्रामिंग न करता. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्समध्ये पॅरेंटल आणि रेफरेन्शियल, फ्रॅपेच्या ईआरपीनेक्स्टमध्ये चाइल्ड टेबल आणि लिंक, झोहोत सबफॉर्म आणि लुकअप, बारीकसारीक वागणूक प्रत्येकात वेगळी आहे पण पक्कं बांधायचं की नुसतं जोडायचं हा प्रश्न सगळीकडे तोच.

एजन्सीनं हे उगाच केलं नव्हतं, तेही सांगायला पाहिजे. प्रत्येक क्षेत्र कार्यकर्त्याकडे तीन-चार गावं असायची, गावाची नोंद त्याच्या नावावर केली की त्याखालचे सगळे कास्तकार, शेतं, पिकं त्याला आपोआप दिसायची, कार्यकर्ता बदलला की गावाचा ओनर बदलला, काम संपलं. आणि गावाच्या पानावर एकूण एकर, एकूण क्विंटल असे आकडे बेरजेनं तयार मिळायचे, देणगीदाराला दाखवायला ते फार उपयोगी पडायचे.

सर्व्हे नंबर ४१/२

फसलं कुठं ते एका वावरावरून सांगतो, म्हणजे नीट दिसेल. सर्व्हे नंबर ४१/२, सातबाऱ्यावर क्षेत्र १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. नावं दोन भावांची, सामाईक. थोरला गावात राहून शेती करायचा, गटाचा सुरुवातीपासूनचा सभासद. धाकटा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला, पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून नोंदणीच्या वेळी त्याचाही फॉर्म भरला गेला. आता या रचनेत शेताला शेतकरी-पॅरेंट एकच देता येतो, दोन भाऊ एका शेताचे पॅरेंट होऊ शकत नाहीत, मग ऑपरेटर ताईनं काय करावं? तिनं थोरल्याखाली ४१/२ टाकलं, धाकट्याखाली पुन्हा ४१/२ टाकलं. पुढं थोरला आजारी पडला, दोन हंगाम त्यानं वावर शेजारच्या कास्तकाराला ठोक्यानं दिलं, तोही गटाचाच माणूस, नियम पाळणारा. शेताची नोंद थोरल्याखालून काढून त्या शेजाऱ्याखाली न्यायचा पर्याय स्क्रीनवर नव्हता, कारण मास्टर-डिटेलमध्ये चाइल्डचा पॅरेंट बदलायची मुभा मुळात बंद असते, फील्डच्या सेटिंगमध्ये जाऊन री-पॅरेंटिंगची टिक लावावी लागते आणि ती कोणी लावली नव्हती. म्हणून तिसऱ्यांदा ४१/२, आता शेजाऱ्याखाली. चार एकराचं वावर कम्प्युटरात बारा एकर झालं, आणि तिसऱ्या नोंदीवर रूपांतरणाची तारीख पडली ज्या दिवशी ती नोंद तयार झाली त्या दिवसाची.

बारा एकर झालं तर काय बिघडलं असं वाटेल कोणाला. बिघडतं असं की गटाचा अंदाजे कापूस किती निघणार हे क्षेत्रावरून काढतात आणि सेंद्रिय म्हणून किती विकता येईल त्याची तपासणी त्या अंदाजावर होते. क्षेत्र फुगलं की अंदाज फुगतो, आणि बाहेरचा तपासणीस येऊन सातबारे अन् यादी समोरासमोर ठेवतो तेव्हा शंका अख्ख्या गटावर येते, एका माणसाच्या नोंदीपायी चारशे घरांचं सर्टिफिकेट अडू शकतं.

पण खरं नुकसान झालं ते पुढं. श्रावणात थोरला भाऊ वारला. भाद्रपदात तपासणीची यादी पाठवायची होती, यादीत मयत माणसाचं नाव जाऊ नये म्हणून ऑपरेटर ताईनं त्याची नोंद उघडून डिलीट दाबलं. स्क्रीननं विचारलं, ही नोंद नक्की डिलीट करायची का? तिनं हो म्हटलं. त्या विचारण्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं की याखाली एक शेत आहे, त्याखाली सहा-सात पीक-हंगाम आहेत, वेच्याची वजनं आहेत, तेही सगळं जाईल. आणि गेलं. तपासणीच्या नोंदी तेवढ्या राहिल्या, त्याही का तर मास्टर-डिटेलची उतरंड एका मास्टरखाली तीन पायऱ्यांच्या पुढं जात नाही, म्हणून एजन्सीनं तपासणी लुकअपनं जोडली होती, तर त्या नोंदी शाबूत पण त्यातला 'शेत' हा रकाना कोरा. कोणत्या वावराची तपासणी झाली तेच पुसलं गेलं.

दिवाळीनंतर बोनसची, म्हणजे सेंद्रिय कापसावर मिळणाऱ्या जादा पैशांची, यादी लागली तेव्हा थोरल्याची बायको कार्यालयात आली. त्या हंगामात वावर तिनं स्वतः वाहिलं होतं, पेरणीपासून, नवऱ्याच्या दुखण्यात आणि त्याच्या मागंही. पहिला वेचा घरात पडून होता आणि यादीत ना नवऱ्याचं नाव ना तिचं. संस्थेच्या बाईंनी कम्प्युटरवर शोधलं, ४१/२ सापडलं शेजाऱ्याच्या नावाखाली, रूपांतरणाचं दुसरं वर्ष दाखवत होतं, म्हणजे कापूस सेंद्रिय म्हणून विकताच येणार नाही. काकू म्हणाल्या, "बाई, वावर तं तिथंच हाय, हललं नाही. मंग तुमच्या कम्प्युटरातून कसं गेलं?" हा प्रश्न मला जसाच्या तसा सांगितला गेला आणि दुरुस्तीचं सगळं काम मी त्या एका प्रश्नाला धरून केलं.

आधी तिच्या नोंदी परत आणणं. सेल्सफोर्समध्ये डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये १५ दिवस राहतं, तेवढ्यात लक्षात आलं तर वरची नोंद परत आणली की खालच्या नोंदीही सोबत येतात, आयडीही तेच राहतात. इथं ते दिवस केव्हाच उलटून गेले होते. नशीब की ऑपरेटर ताई दर आठवड्याचा डेटा एक्स्पोर्ट उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवत होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी नेमानं. त्या सीएसव्ही फायलींतून त्या कुटुंबाच्या ओळी काढल्या, पुन्हा भरल्या. पण पुन्हा भरलेल्या नोंदीला नवा आयडी मिळतो, म्हणून तपासणीच्या कोऱ्या नोंदी आपोआप जुळत नाहीत, त्या एकेक करून एक्स्पोर्टमधल्या जुन्या आयडीवरून ताडून जोडाव्या लागल्या. रूपांतरणाची खरी तारीख शेतकरी डायरीवरून पक्की केली, कागदी डायरी काकूंच्या घरी होती, गाठोड्यात नीट बांधून ठेवलेली. तिचा बोनस उशिरा का होईना मिळाला.

कोण कोणाशिवाय राहू शकतं

मग रचना. एजन्सीच्या आराखड्याला ठिगळं लावत बसायचं नाही हे संस्थेच्या बाईंना पटलं होतं, त्यामुळं मोकळेपणानं विचार करता आला. मी कम्प्युटर उघडायच्या आधी क्षेत्र कार्यकर्त्यांना आणि दोन-तीन जुन्या कास्तकारांना एकत्र बसवलं आणि दर जोडीसाठी दोनच प्रश्न विचारत गेलो. वरची नोंद उद्या नाहीशी झाली तर खालची गोष्ट खरोखर जगातून नाहीशी होते का? आणि खालच्या गोष्टीला वरची गोष्ट आयुष्यभर एकच असते का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तरच मास्टर-डिटेल, नाहीतर लुकअप, आणि दोन्ही बाजूंनी अनेक असतील तर मधे तिसरी नोंद. माझ्या मते कोणतंही सीआरएम बसवताना रिपोर्ट कोणते पाहिजेत, स्क्रीन कशी दिसावी, याच्या आधी हे दोन प्रश्न यायला पाहिजेत, आणि ते कास्तकारालाच विचारले पाहिजेत कारण उत्तर त्यालाच माहीत असतं.

गाव आणि शेतकरी. गाव राहील, शेतकरी गाव सोडून यवतमाळला जाईल, पोरीकडं राहायला जाईल. लुकअप.

शेतकरी आणि वावर. इथं एका काकाजींनी जे सांगितलं त्यानं चर्चाच संपली: "वावर कोणाचं हाय ते नोका विचारू साहेब, औंदा कोन वायते ते विचारा." सातबाऱ्यावर आजोबाचं नाव, वाहणारा नातू, मधल्या पिढीचे फेरफार झालेलेच नाहीत. किंवा नाव नवऱ्याचं आणि डायरी लिहिणारी, निंबोळी अर्क फवारणारी, गटाच्या मीटिंगला येणारी बायको. किंवा बटईनं दिलेलं, अर्धा माल मालकाचा अर्धा वाहणाऱ्याचा. माणूस आणि वावर यांचं नातं दर हंगामाला बदलतं आणि एका वेळी अनेकांशी असतं. म्हणजे ना मास्टर-डिटेल ना साधा लुकअप, मधे वेगळी नोंद पाहिजे. तिला नाव दिलं 'वहिती', सगळ्यांच्या तोंडात बसलेला शब्द, लेबल मराठीत ठेवता येतं, आत यंत्रणेपुरतं रोमन नाव लागतं तेवढंच.

वावर आणि गाव. यात एक अशी भानगड निघाली जी शहरातल्या माणसाच्या लक्षात यायची नाही. आपल्याकडं रिठी मौजे आहेत, महसुली नकाशावर गाव आहे, सातबारे आहेत, पण वस्ती नाही, माणसं केव्हाच शेजारच्या गावात राहायला गेली. त्या मौजातली वावरं तीन-चार गावांतले लोक वाहतात. जुन्या रचनेत वावराचं गाव म्हणजे त्याच्या शेतकऱ्याचं गाव, त्यामुळं रिठीतलं प्रत्येक वावर चुकीच्या मौजात मोजलं जात होतं आणि मौजानिहाय बेरीज पटवाऱ्याच्या कागदाशी जुळणं शक्यच नव्हतं. म्हणून 'राहतं गाव' हा शेतकऱ्यावरचा रकाना आणि 'मौजा' हा वावरावरचा रकाना, दोन वेगळे दुवे. मौजाचा लुकअप सक्तीचा केला आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'जोडलेली नोंद असेपर्यंत डिलीट करू देऊ नका' हा पर्याय निवडला. लुकअपला डिलीटच्या वेळी काय व्हावं याचे पर्याय असतात हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, रकाना कोरा करायचा, किंवा डिलीटच अडवायचं, किंवा खालचंही डिलीट करायचं. हा तिसरा मुळात बंद असतो, कंपनीला सांगून चालू करून घ्यावा लागतो, आणि तो परवानग्यांना न जुमानता काम करतो, म्हणजे ज्या माणसाला खालच्या नोंदी दिसतही नाहीत त्याच्या हातूनही त्या जाऊ शकतात. आपल्या कामात त्याच्या वाटेला जाऊच नये.

वावर आता सगळ्यात वर, स्वतंत्र. त्याची ओळख मौजाचा कोड, सर्व्हे नंबर, हिस्सा यांना जोडून केली आणि तो रकाना एक्स्टर्नल आयडी अन् युनिक असा ठरवला, म्हणजे ४१/२ दुसऱ्यांदा टाकायला गेलं की सॉफ्टवेअर अडवतं. रूपांतरणाची तारीख आणि अवस्था वावरावर, माणसावर नाही. या दोन रकान्यांना फील्ड हिस्ट्री लावली, कोणी कधी काय बदललं ते राहतं.

वहितीचं डोकं थोडं जास्त खावं लागलं. पुस्तकी पद्धत अशी की मधल्या नोंदीला दोन मास्टर द्यायचे, एक वावर एक शेतकरी, सेल्सफोर्समध्ये एका ऑब्जेक्टला, म्हणजे एका प्रकारच्या नोंदींना, दोन मास्टर चालतात. पण मग दोघांपैकी कोणीही डिलीट झालं की मधली नोंद जाते, म्हणजे काकूंसोबत झालं तेच पुन्हा. म्हणून वहितीचा मास्टर फक्त वावर ठेवला, शेतकरी हा सक्तीचा लुकअप, डिलीट अडवणारा. वहितीवर हंगाम, प्रकार म्हणजे स्वतःची, ठोका की बटई, आणि वाटा. वहितीखाली पीक, पिकाखाली वेचा, दोन्ही मास्टर-डिटेल, कारण वहिती नसेल तर पीक नाही आणि पीक नसेल तर वेचा नाही, इथं दोन्ही प्रश्नांचं उत्तर स्वच्छ 'हो' येतं. वेच्याची वजनं पिकावर बेरजेनं येतात. क्षेत्राची बेरीज मात्र पिकावरून वर नेली नाही, पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, तुरीची तासं म्हणजे ओळी असतात, दोन्ही पिकांपुढं चार-चार एकर लिहिलं जातं आणि वावर पुन्हा आठ एकराचं होतं. क्षेत्र सातबाऱ्यावरून एकदाच वावरावर.

घर हा पॅरेंट असावा असा आग्रह एका कार्यकर्त्याचा होता, एका चुलीचं एक कुटुंब, बोनस घरात जातो, मग सगळं घराखाली का नाही? मला तो मुद्दा समजतो, पण घरं फुटतात, भाऊ वेगळे निघतात, आणि बाईचं नाव घराखाली दडलं की ती पुन्हा कुणाची तरी बायको एवढीच उरते. घर ठेवलं, शेतकऱ्यावर एक साधा लुकअप म्हणून, रिपोर्टपुरतं. काकूंची शेतकरी म्हणून स्वतःची नोंद झाली, ४१/२ च्या त्या हंगामाच्या वहितीवर त्यांचं नाव आहे.

वाटणीचं राहिलं. भावांची वाटणी झाली, फेरफार झाला, ४१/२ चे दोन हिस्से पडले तर? वावरावरच एक लुकअप ठेवला, 'मूळ वावर', स्वतःच्याच ऑब्जेक्टकडं बोट दाखवणारा, असा दुवा मास्टर-डिटेल करताच येत नाही, लुकअपच लागतो. नवीन दोन वावरं तयार होतात, मूळ म्हणून जुन्याचं नाव, रूपांतरणाची तारीख एका छोट्या फ्लोनं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या कामानं, जुन्यावरून नव्यांवर उतरते, जुन्याची अवस्था 'विभागलं' आणि त्यावर नवी वहिती टाकता येत नाही.

शेतकऱ्याला 'मयत' ही अवस्था दिली आणि तारीख. डिलीटची परवानगी ऑपरेटर, कार्यकर्ते सगळ्यांच्या प्रोफाइलमधून काढली, शेतकरी आणि वावर दोन्हींवरून. यादीत मयत नाव नको तर यादीला फिल्टर लावायचा, नोंद खोडायची नाही.

जुना डेटा नव्या घरात

इथं घाई केली की सगळं मातीत जातं. मास्टर-डिटेल फील्ड आधीच्या नोंदींवर थेट लावता येत नाही, ज्या ऑब्जेक्टमध्ये आधीच नोंदी आहेत तिथं आधी लुकअप तयार करायचा, प्रत्येक नोंदीत तो भरायचा, एकही कोरी राहता कामा नये, मगच त्याचं मास्टर-डिटेलमध्ये रूपांतर होतं. उलटं जायचं असेल, मास्टर-डिटेलचं लुकअप, तर आधी त्यावर उभ्या असलेल्या रोल-अप समरी काढाव्या लागतात. जुन्या साखळीत तेच करावं लागलं, गावाच्या पानावरचे ते सुंदर आकडे आधी काढले, मग बंध सैल केले. आकडे गेले म्हणून फोन येणारच, त्याची आगाऊ कल्पना सगळ्यांना दिली होती.

दुहेरी-तिहेरी वावरं एकत्र करणं हे कम्प्युटरचं काम नाही. सर्व्हे नंबरप्रमाणं यादी छापली, कार्यकर्ते सातबारे घेऊन गावोगाव बसले, कोणती नोंद खरी ते कास्तकारासमोर ठरलं. काही ठिकाणी दोन नोंदी खरोखर वेगळ्या निघाल्या, एकाच नंबराचे दोन धुरे पाडून दोघं भाऊ वर्षानुवर्षं वेगळं वाहतात पण कागदावर हिस्से नाहीत. तिथं आपला अक्षर-प्रत्यय जोडला, क आणि ख, आणि क्षेत्र दोघांच्या संमतीनं वाटून लिहिलं.

भरताना क्रम वरून खाली, मौजे, शेतकरी, वावरं, वहिती, पिकं, वेचे. डेटा लोडरमध्ये अपसर्ट वापरलं, म्हणजे नोंद असेल तर बदलायची, नसेल तर नवी करायची, त्याचा फायदा असा की चाइल्डच्या सीएसव्हीत पॅरेंटचा सेल्सफोर्स आयडी शोधून टाकायची गरज नाही, पॅरेंटचा एक्स्टर्नल आयडी म्हणजे आपलाच मौजा-सर्व्हे नंबरवाला कोड दिला की तो जोडून घेतो. आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, चाइल्डची फाइल पॅरेंटच्या कोडप्रमाणं सॉर्ट करून मगच अपलोड करा. मास्टर-डिटेलमध्ये खालची नोंद भरताना वरची नोंद क्षणभर लॉक होते, एकाच वावराच्या ओळी वेगवेगळ्या बॅचमध्ये विखुरलेल्या असल्या आणि बॅच एकाच वेळी चालल्या की दोन बॅच एकाच वावरासाठी भांडतात आणि लॉक मिळालं नाही असा एरर येऊन ओळी पडतात. सॉर्ट केलं की ते जवळजवळ थांबतं.

काय गमावलं

गमावलं, नाही कशाला म्हणू. आधी गावाचा ओनर बदलला की सगळं नव्या कार्यकर्त्याला दिसायचं, आता प्रत्येक वावराला ओनर आहे, कार्यकर्ता बदलला की त्या मौजातली सगळी वावरं निवडून ओनर बदलावा लागतो, एकदम करता येतं पण कोणीतरी आठवणीनं करावं लागतं. वहिती, पीक, वेचा वावराच्या मागोमाग दिसतात तेवढं बरं. दुसरं, शेतकरी आता लुकअप आहे म्हणून शेतकरीनिहाय क्विंटलची बेरीज रोल-अपनं येत नाही, आणि बोनस तर शेतकरीनिहायच द्यायचा असतो. त्याला डीएलआरएस नावाचं एक फुकटचं अवजार आहे, लुकअपवरही बेरीज करून देतं, पण ते चालवायला कोणीतरी जाणकार हाताशी लागतो आणि आठवड्यातून दोनदा वीज जाणाऱ्या कार्यालयात मी ते टाळलं. त्याऐवजी शेतकरीनिहाय रिपोर्ट बनवला, बोनसच्या वेळी काढायचा, बाईंच्या सहीनं गोठवायचा. बटईत अर्धा-अर्धा वाटा असेल तर रिपोर्ट वहितीवरच्या वाट्याप्रमाणं वजन वाटतो.

एक नफा मात्र असा झाला जो आधी ठरवलेला नव्हता. ठोक्याचे व्यवहार पाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास ठरतात, त्या दिवसांत कार्यकर्ता प्रत्येक वावराची नवी वहिती टाकतो, आणि गटाबाहेरच्या माणसाला वावर दिलेलं असेल तर ते तिथंच कळतं, पेरणीच्या आधी. त्याला जाऊन सांगता येतं की भाऊ, या वावरात बीटी टाकू नको, इतक्या वर्षांची मेहनत आहे यात. आधी हे कळायचं कापूस घरात आल्यावर.

वनहक्काच्या पट्ट्यांचं अजून पक्कं झालेलं नाही. झरी-जामणी, घाटंजीकडं गट वाढवायचा विचार आहे, तिथं कोलाम कास्तकारांकडं पट्टे आहेत, पण कित्येकांकडं सातबारा नाही आणि सर्व्हे नंबर म्हणून वनखंडाचा एकच क्रमांक वीस-वीस जणांच्या कागदावर. मौजा-सर्व्हे-हिस्सा ही ओळख तिथं चालणार नाही. सध्या वावराच्या ऑब्जेक्टवर 'पट्टा क्रमांक' आणि चार कोपऱ्यांचे जीपीएस बिंदू असे रकाने टाकून ठेवलेत, युनिक कोड बनवणाऱ्या फ्लोमध्ये सर्व्हे नंबर नसेल तर पट्टा क्रमांक घ्यायची अट घातली आहे, आणि पहिली मोजणी खरिपाच्या आधी, वावरं मोकळी असताना, कास्तकारांना सोबत घेऊन करायची असं ठरलंय.